बँड पुढच्या दारानं येईल

माझे वडील लग्नात वाजवायचे आणि सगळं लग्न जेवून उठल्यावर जेवायचे. आमच्या घरची परिस्थिती सांगायला हे एवढं वाक्य पुरे आहे. पण बँडवाल्यांचं घर सगळ्यांनीच पाहिलेलं नसतं, म्हणून थोडं जास्त सांगते.

गाव बार्शीकडचं. आण्णा बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. लग्नसराईचे चार महिने घरात तेल-डाळ वेळेवर यायची. उरलेले आठ महिने आण्णांचा लाल कोट खुंटीवर आणि आई अडतीवर धान्य निवडायला. आमच्या आडनावावरून गावात आम्हाला कुठं बसवायचं ते ठरलेलं होतं, आणि वाजवणंही त्या आडनावाबरोबरच आलेलं. शाळेतली पोरं मला बघून गाल फुगवायची, पिपाणीचा आवाज काढायची. वर्गात पहिली आले तरी काढायची.

सात वर्षांची असताना मी एकदा आण्णांबरोबर लग्नाला गेले. लग्न लागलं, पंगती उठल्या. बँडची माणसं कनातीशी सावली बघून टेकली, तेवढ्यात एकजण आला आणि म्हणाला, "ए बँडवाले, उठा हितनं, पाव्हणे बसायचेत." आण्णा हसले आणि उठले. त्या माणसाचा चेहरा मला आठवत नाही. आण्णांचं ते हसणं आठवतं.

मी अकरावीत असताना आण्णांचे वरचे दोन दात पडले. क्लॅरोनेटवाल्याचे पुढचे दात गेले की तोंडाची पकड राहत नाही, सूर फाटतो. मालकानं त्यांच्या हातात खुळखुळा दिला. पंचवीस वर्षं बँडच्या पुढं चाललेल्या माणसानं मागच्या रांगेत खुळखुळा हलवायचा. त्या दिवशी घरी येऊन ते म्हणाले, "वाजवणं माझ्यापाशी संपलं. तू याला हात लावायचा न्हाई. तू शिकायचं. घे शपथ."

मी घेतली. सोलापूरला इंजिनिअरिंग केलं. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

पुण्याच्या कंपनीनं मला बर्मिंगहॅमला एका बँकेच्या प्रोजेक्टवर पाठवलं, त्याच महिन्यात आई ते क्लॅरोनेट भंगारवाल्याला द्यायला निघाली होती. मी ते स्वेटरांच्या घडीत घालून बॅगेत टाकलं. शपथ हात न लावण्याची होती, म्हणून टॉवेलनं धरलं.

बर्मिंगहॅममध्ये खोली मिळाली ती एका बाईंच्या घरात, वरच्या मजल्यावर. वय चौऱ्याहत्तर. एकट्या. ज्यू. तीस वर्षं शहरातली बस चालवून रिटायर झालेल्या. मी त्यांना 'बाई' म्हणायला लागले, शाळेत म्हणायचो तसं, आणि शेवटपर्यंत तेच म्हटलं. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी व्हिसा, पगार, नोकरी काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "मंगळवारी संध्याकाळी आवाज होतो. चालेल?"

"किती आवाज?"

"ट्यूबा आहे."

खालच्या पुढच्या खोलीत ना सोफा, ना टीव्ही. भिंतीला लावलेल्या बारा खुर्च्या, बाराही वेगळ्या, लोकांनी टाकून दिलेल्या. मागच्या बागेत टोमॅटोची झाडं होती आणि प्रत्येक झाडाला आधार म्हणून एकेक लोखंडी म्युझिक स्टँड रोवलेला. "कागद ठेवायला घेतले होते," बाई म्हणाल्या. "टोमॅटोला जास्त उपयोग झाला."

मंगळवारी तिथं जे वाजायचं त्याला क्लेझ्मर म्हणतात. पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांच्या लग्नांतलं संगीत. त्यात वरात आहे, नाच आहे, नवरीला रडवायचं आहे आणि रडणं संपायच्या आत सगळ्यांना नाचवायचं आहे. हे मी नंतर इंटरनेटवर वाचलं. बाईंनी केलेली व्याख्या लहान होती: "उभं राहून वाजवणाऱ्यांचं संगीत." त्या स्वतः फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवायच्या. हॉस्पिटलातली एक नर्स अंगाएवढा पितळी ट्यूबा घेऊन यायची. एक पंजाबी रिटायर्ड पोस्टमन ढोल आणायचा. क्लेझ्मर झालं की कुणी आयरिश सूर काढायचं, कुणी बल्गेरियन, पोस्टमन भांगडा. बाईंना सगळं चालायचं. फक्त कागद चालायचा नाही. एकदा कॉलेजात व्हायोलिन शिकलेला एक तरुण टॅबलेट समोर ठेवून बसला. बाईंनी फिडल खाली घेतलं. "नाचणाऱ्या म्हातारीचा गुडघा दुखायला लागला, तर ते तुझ्या स्क्रीनवर दिसतं का?" तो म्हणाला, नाही. "मग म्हातारीकडे बघ. कागद नाचत नाही."

अकॉर्डियनवाल्याची गोष्ट वेगळी. तो कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा माणूस. शेजाऱ्यानं तक्रार केली म्हणून आवाज मोजायचं यंत्र घेऊन आला होता. बाईंनी दार उघडून आधी त्याच्या हातात सुपाचा वाडगा दिला. "खा आधी. उपाशी माणसाला सगळंच मोठं ऐकू येतं." त्यानं खाल्लं, यंत्र लावलं, आणि यंत्र लावून बसल्या बसल्या सांगितलं की माझ्या आजोबांचं अकॉर्डियन माळ्यावर पडलंय. पुढच्या मंगळवारी तो यंत्राशिवाय आला. शेजाऱ्यासाठी बाईंनी एक गोष्ट कबूल केली, आठ वाजता बंद. ती मिनिटावर पाळली. सूर अर्धा राहिला तरी आठला थांबायच्या. "तीस वर्षं बस चालवलीय. वेळ मला कुणी शिकवू नये."

बसचं वेड त्यांच्या सगळ्यात होतं. घरात बसूनही चहा थर्मासमधून, झाकणातच प्यायच्या. आणि सुरावटींना नावं बसस्टॉपची. त्यांनी बहुतेक चाली जुन्या, खरखरणाऱ्या कॅसेटवरून उचललेल्या, त्यांना नावं कुठली असणार? शेवटच्या स्टॉपला गाडी लावून दहा मिनिटं मिळायची, तेवढ्यात ऐकून पाठ करायच्या. ज्या स्टॉपला पाठ झाली ते तिचं नाव. त्यामुळे आमच्याकडे "चला, कॉटरिज काढा" म्हणजे एक सुसाट नाचाची चाल, आणि "किंग्ज हीथ जरा हळू घ्या, तिथं चढ आहे" म्हणजे एक लंगडत चालणारी, संथ.

मी महिनाभर वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायचे आणि ऐकायचे. त्या संगीतात एक जागा होती. सूर लांबवता लांबवता मध्येच घशात अडकल्यासारखा तुटायचा, हुंदका यावा तसा. बाई ते फिडलवर काढायच्या. आण्णा अगदी तेच करायचे, नवरी सासरी निघताना. मी खाली गेले नाही. ऑफिसमध्ये आणि तिथल्या मराठी मंडळात मी सांगून ठेवलं होतं की माझे वडील म्युझिक टीचर आहेत. काय गरज होती? कुणी खोदून विचारलं नव्हतं. पण 'वडील काय करतात' या प्रश्नाला माझ्या तोंडून ते आपोआप बाहेर पडलं आणि मग तेच चालू राहिलं.

थंडीत रेडिएटर बिघडला. बाई पाना घेऊन वर आल्या आणि कपाटाशी टॉवेलातलं ते लांबट गाठोडं बघून थांबल्या.

"हे काय?"

"वडिलांचं."

त्यांनी ते उघडलं. आधी वास घेतला. मग खिडकीपाशी नेऊन एकेक भाग फिरवून पाहिला. "काय करतात म्हणालीस वडील?"

"म्युझिक टीचर."

"कुठं शिकवतात, रस्त्यावर?"

मी टॉवेलाची घडी घालायला लागले.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "अंगठ्याखाली सायकलची ट्यूब गुंडाळलीय. तासन्‌तास उभा राहणारा माणूस असं करतो. ही बाजू उन्हानं उडालीय, ही नाही. म्हणजे चालत वाजवलंय, तेही भर दुपारी. आणि इथं दात बघ." माउथपीसवर दोन खोल खड्डे होते, आण्णांच्या दातांचे. "शिकवणारा माणूस एवढा चावत नाही. एवढं चावतो तो, ज्याला पाच तास थांबता येत नाही."

त्या देशात मी पहिल्यांदा खरं ते तोंडानं म्हटलं. "लग्नाच्या बँडमध्ये होते. शेवटी जेवायचे."

मला वाटलं, आता त्या हात धरतील, हळहळतील. बाईंनी तसलं काही केलं नाही. माझ्या पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या आजोबांचंही क्लॅरोनेट. स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून वाजवायचे आणि तिथंच खायचे. माझ्या बापाला लाज वाटायची. त्यानं ते वाद्य विकलं आणि सगळ्यांना सांगितलं की आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. शाळेत मीही तेच सांगायचे. तुझी थाप माझ्यापेक्षा बरी, तिच्यात निदान संगीत आहे."

मग पाना उचलला. "मंगळवारी खाली ये. माझ्या बँडला क्लॅरोनेट नाही."

"मी वडिलांपाशी शपथ घेतलीय."

"कधी?"

"दात पडले तेव्हा."

"दात पडल्यावर माणूस काहीही बोलतो. मला विचार." आणि त्यांनी आपली कवळी काढून दाखवली.

मी गेले. पण दीड महिना बाईंनी मला वाद्य तोंडाला लावू दिलं नाही. कालव्याच्या काठानं चालायचं आणि चाल तोंडानं म्हणायची. सायकलवाले वळून बघायचे. बाई माझ्या पुढं, फ्लोरोसंट जाकीट घालून, मागं न बघता ओरडायच्या, "पाय चुकला." मी म्हणायचे, पाय नाही, सूर चुकला. "एकच," बाई म्हणायच्या. बोटं मला येत होती. लहानपणी आण्णा रियाजाला बसले की मी समोर लाटणं धरून त्यांच्यासारखी बोटं हलवायचे, आई लाटणं हिसकावून घ्यायची. माउथपीसला नवीन वेताची पत्ती लावून पहिल्यांदा फुंकलं तेव्हा नुसता बदकाचा आवाज आला. पण आठवडाभरात तो हुंदका आला. इतरांना त्याला वर्ष लागतं, असं बाई म्हणाल्या. शाबासकी वगैरे नाही. "हे मी शिकवलेलं नाही," एवढंच.

वर्षभर मी त्या खोलीत वाजवलं. खोलीबाहेर कधीच नाही. बँडला कुठं लग्नाचं बोलावणं आलं की मला काहीतरी काम निघायचं. बाई गाडीत माझी खुर्चीएवढी जागा रिकामी ठेवायच्या आणि बाकीचे तसेच जायचे.

त्यांच्या लग्नाच्या अटी हातानं, मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या होत्या. तीनच. बँड पुढच्या दारानं येईल. बँड गरम जेवेल. बँड हॉलमध्ये, पाहुण्यांबरोबर बसून जेवेल. खाली यजमानाची सही. घरात तेवढा एकच कागद त्यांनी मानलेला. मी विचारलं, कागद नाचत नाही ना? "नाचत नाही," त्या म्हणाल्या, "पण जेवायला घालतो."

माझ्या टीममध्ये एक मुलगी होती, मेडनहेडची, इथंच जन्मलेली. आईवडील पुण्याचे. तिचं लग्न एका ज्यू मुलाशी ठरलं. मुलाच्या आजीला क्लेझ्मर हवं होतं. मीच बाईंचं नाव सुचवलं. ती मुलगी मला म्हणाली, "ताई, माझी लग्नामध्ये दोन्ही होणार, मंगलाष्टक आणि ते लोकांचा डान्स. बँडला कधी स्टार्ट करायचा ते तू सांगशील ना? त्यांना कसा कळणार?"

"सांगेन," मी म्हटलं.

ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळं हिच्यावर बिघडलं. आपल्याकडे मंगलाष्टकाचं प्रत्येक कडवं 'सावधान'वर संपतं, लोक दर वेळी अक्षता टाकतात, पण वाजंत्री वाजते ती शेवटच्या सावधानाला. बाईंच्या लग्नांत उलट. तिथं नवरदेव पायाखाली काचेचा पेला फोडतो आणि फुटल्याचा आवाज येतो त्याच क्षणी बँड सुटतो. एक इशारा, एक उडी. ती त्यांच्या हाडात बसलेली. म्हणून ठरलं होतं की मी बँडशेजारी उभी राहीन आणि शेवटच्या सावधानाला हात वर करीन. मंगलाष्टकांत वाजंत्र्यांना फार गलबला करू नका असंही सांगितलंय, हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या. "प्रार्थनेतच? म्हणजे आपल्याला घाबरतात."

लग्न मिल्टन कीन्सच्या एका हॉलमध्ये होतं. मी पैठणी नेसून ऑफिसच्या लोकांबरोबर गेले. बँड बाईंच्या जुन्या व्हॅनमधून आला. हॉलच्या माणसानं त्यांना सामान उतरवायच्या मागच्या दाराकडे हात केला. बाईंनी त्याला कागद दाखवला आणि ट्यूबा, ढोल, अकॉर्डियन सगळं रांगोळीवरून न जाता, बाजूनं, पुढच्या दारानं आत आणलं. मी हे आतून बघत होते आणि खांबाआड सरकत होते.

बँडकडे निघाले तर नवरीची आई वाटेत भेटली. "अगं, तू त्या बँडवाल्यांपाशी कुठं उभी राहतेस? इथं बस, आमच्यात." काकूंनी प्रेमानंच म्हटलं. मी बसले. आठव्या रांगेत. बाईंनी मान उंच करून मला शोधलं, मला बसलेलं पाहिलं, आणि मान खाली केली.

गुरुजी आठवडाभर आयटीत आणि शनिवारी लग्नं लावणारे, आवाज खणखणीत. पहिलं कडवं संपलं. सावधान. तीनशे लोकांनी अक्षता टाकल्या, आणि त्या सरीबरोबर कॉटरिज सुटलं. फिडल, अकॉर्डियन, ढोल, खालून ट्यूबा. अंतरपाट धरणारे दोघं दचकले, एकाच्या हातून टोक सुटलं, नवरा-नवरीनं एकमेकांना चार कडवी आधीच बघून घेतलं. गुरुजी हात वर करून "अहो, थांबा, थांबा" म्हणत होते.

बँड थांबला. शांततेत नवरीचे वडील मराठीत म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बँडवाल्यांना कुठं काय अक्कल असते. यांना दोन मिनिटं बाहेर उभं करा रे."

लोक हसले. बाईंना भाषा कळली नाही, हसणं कळलं. त्यांनी फिडलचा गज खाली धरला आणि सरळ उभ्या राहिल्या. पण त्यांच्या शेजारी तो अकॉर्डियनवाला, कौन्सिलचा, भला माणूस, त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि तो हसला. आण्णा हसले होते तसं. आणि वाद्य उचलून निघायला लागला.

मी उभी राहिले. 

"काका, चूक त्यांची नाही. इशारा मी द्यायचा होता. मी जागेवर नव्हते."

"तू? तुझा काय संबंध?"

"माझे वडील बँडवाले. बार्शीकडं पंचवीस वर्षं लग्नात क्लॅरोनेट वाजवलंय. म्युझिक टीचर नाहीत, ते मी खोटं सांगितलं. शेवटचं सावधान कुठलं हे मला अक्षरओळख व्हायच्या आधी कळत होतं. कुणी बाहेर जाणार नाही. गुरुजी, तुम्ही दुसरं घ्या."

गुरुजींना मुहूर्ताची काळजी. त्यांनी लगेच घेतलं. मी आठ रांगा चालत गेले. साडी खुर्चीत अडकली, सोडवली. बँडपाशी पोहोचले तर बाईंनी पायाशी ठेवलेली पिशवी माझ्याकडे सरकवली. त्यात आण्णांचं क्लॅरोनेट होतं. मला न विचारता माझ्या कपाटातून आणलेलं.

"ही बस परत थांबणार नव्हती," बाई पुटपुटल्या.

तिसऱ्या कडव्याला मी वाद्य जोडलं, चौथ्याला पत्ती ओली केली, पाचव्याला तोंडाला लावलं. शेवटच्या सावधानाला हात वर करायचा होता, पण दोन्ही हात गुंतलेले, म्हणून इशारा माझ्या सुरानंच दिला. बाकीचे मागून आले. नवरी हार हातात धरून नाचत होती.

नाच झाला, त्यांच्या रीतीनं मुलाच्या आजीला खुर्चीसकट उचलून झालं. मग जेवणं. हॉलच्या माणसानं येऊन सांगितलं की बँडचं जेवण बाहेरच्या पॅसेजमध्ये ठेवलंय. आम्ही जाऊन पाहिलं. घडीच्या खुर्च्या रचलेल्या, त्यांच्याशेजारी एक टेबल, त्यावर झाकलेले फॉइलचे डबे. मला कनात आठवली. बाईंनी थर्मासच्या पिशवीतून तो कागद काढला. नवरीचे वडील आले. "सॉरी, सगळी टेबलं भरलीत. मी सही केली तेव्हा वाचलं नव्हतं."

बाईंनी टेबलाचं एक टोक उचललं. दुसरं नर्सनं उचललं. डबे मी घेतले. आम्ही ते टेबल पॅसेजमधून फिरवून, बाहेरून, पुढच्या दारानं हॉलमध्ये आणलं आणि नाचायच्या मोकळ्या जागेत मधोमध ठेवलं. सगळं लग्न बघत होतं. मी पैठणीत, त्या टेबलाला बसले. मुलाच्या आजीनं आपली चाकाची खुर्ची वळवून घेतली आणि आमच्यात आली.

थोड्या वेळानं नवरीचे वडील स्वतः वाढायला आले. चेहरा उतरलेला. मला म्हणाले, "आधी सांगायचं नाही का गं?"

"आधी सांगितलं असतं तर कुठं बसवलं असतं, काका?"

त्यांनी मला श्रीखंड वाढलं. परत आले आणि बाईंना पुरी वाढली.

लग्नातली क्लिप मी स्वतः आण्णांना पाठवली, कुणाकडून तरी कळण्याआधी. दोन दिवस काहीच आलं नाही. आई फोनवर म्हणाली, "बगत बसल्यात. जेवत न्हाईत नीट." तिसऱ्या दिवशी आण्णांचा व्हॉइस मेसेज आला. आधी पंख्याचा आवाज. मग, "शेवटच्या सावधानाला अर्धा श्वास मागं राहिलीस. पत्ती कडक हाय तुजी." आणि मेसेज संपला.

मी फोन लावला. शपथ मोडल्याबद्दल बोलावं म्हणून तयारी केली होती. त्यांनी तो विषयच काढला नाही.

"जेवला का समदे?" त्यांनी विचारलं.

"जेवलो."

"कवा?"

"पाहुण्यांबरोबरच, आण्णा. हॉलमध्ये. टेबलावर."

पलीकडचा पंखा बंद झाला. 

"गरम व्हतं?"

"गरम होतं."

"बरं," आण्णा म्हणाले. "पत्ती बदल."

बाईंचे गुडघे गेले. जिना चढवेना, म्हणून त्या समुद्राकाठच्या गावी बहिणीकडे राहायला गेल्या. निघताना फिडल आणि थर्मास तेवढं घेतलं. खुर्च्या, टोमॅटो आणि मंगळवार माझ्याकडे. निरोप घेताना मला वाटलं आता तरी काही बोलतील. "झाडांना पाणी जास्त घालू नकोस," म्हणाल्या आणि टॅक्सीवाल्याला कुठल्या रस्त्यानं जायचं ते शिकवायला लागल्या. अजून दर मंगळवारी आठला पाच कमी असताना फोन करतात. बोलत नाहीत, ऐकतात. आठला आम्ही थांबलो की ठेवून देतात.

अटींचा कागद मी टाइप केला नाही. त्यांच्याच अक्षरातला वापरते. सही घेताना यजमानाला तिन्ही अटी मोठ्यानं वाचायला लावते, हा बदल माझा. आणि बँडची माहिती कुणी मागितली की सुरुवातीलाच सांगते: मी बँडवाल्याची मुलगी आहे, इंजिनिअर आहे, क्लॅरोनेट वाजवते.

गेल्या वर्षी आम्ही अकरा लग्नं वाजवली. अकराही ठिकाणी पुढच्या दारानं आत गेलो आणि हॉलमध्ये बसून जेवलो.